जुन्या चालींचा शाहीर : वुडी गथ्री

लोकगीत म्हटलें कीं ज्याचा कर्ता कोण हें कोणालाच ठाऊक नाहीं असें गाणें आपल्या मनापुढें उभें राहतें. जात्यावरची ओवी कोणीं रचली, हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. ती जणूं जात्याबरोबरच घरांत आलेली असते. परंतु श्रोतेहो, ज्याचा कर्ता पक्का ठाऊक आहे, तें रचलें तो दिवस ठाऊक आहे, ज्या खोलींत रचलें तिचा पत्ताहि ठाऊक आहे, आणि तरीहि अवघ्या देशानें ज्याला लोकगीत म्हणून आपलेंसें केलें, असें गाणें विरळा. अमेरिकेंत अशीं गाणीं रचणारा एक मनुष्य विसाव्या शतकांत होऊन गेला. त्याचें नांव वुडी गथ्री. आज त्याचें चरित्र सांगतांना मी एका प्रश्नाचा मागोवा घेणार आहें. हीं गाणीं आपलींशीं करतांना त्याच्या देशानें त्यांतलें काय ठेवून घेतलें आणि काय गाळून टाकलें?

वुडीचें पूर्ण नांव वुड्रो विल्सन गथ्री. १४ जुलै १९१२ रोजीं ओक्लाहोमा राज्यांतील ओकेमा ह्या लहानशा गांवीं तो जन्मला. त्याच महिन्याच्या आरंभीं डेमोक्रॅटिक पक्षानें वुड्रो विल्सन ह्यांना अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून निवडलें होतें. वुडीचे वडील चार्ली गथ्री हे त्या पक्षाचे हिरीरीचे कार्यकर्ते. त्यांनीं मुलाला उमेदवाराचेंच नांव देऊन टाकलें. जमिनींची खरेदी-विक्री हा त्यांचा धंदा, आणि त्यांत त्यांची स्थिति त्या वेळीं बरी होती. ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळून तेव्हां अवघीं पांच वर्षें झालीं होतीं. तो मुलूख मूळचा क्रीक नांवाच्या इंडियन जमातीकडे होता. गोऱ्या वसाहतवाल्यांचीं गांवें त्यावर नुकतींच उठलीं होतीं, आणि नव्या गांवांत जी एक रग असते ती तेथें पुरेपूर होती. वुडीच्या जन्माच्या आदल्या वर्षीं, मे १९११ मध्यें, ओकेमाजवळच्या नदीवरील पुलास एका कृष्णवर्णीय स्त्रीला व तिच्या कोवळ्या मुलाला जमावानें फांशीं लटकाविलें. त्या दृश्याचीं छायाचित्रें पोस्टकार्डांवर छापून विकलींहि गेलीं. मोठेपणीं वुडीनें ह्या प्रसंगावर एकाहून अधिक गाणीं रचलीं आहेत.

आई नोरा हिचा गळा गोड होता. इंग्लंड-स्कॉटलंडांतून शंभर-दोनशें वर्षांपूर्वीं आलेल्या कथागीतांचा तिच्यापाशीं सांठा होता, आणि वुडीची पहिली शाळा म्हणजे तिचें तें गाणें. पण ह्या घरावर एकामागून एक संकटें आलीं, आणि बहुतेक सारीं आगीच्या रूपानें आलीं. १९१९ सालीं थोरली बहीण क्लारा भाजून मरण पावली. ओकेमाला तेल सांपडलें, गांव फुगलें, पुन्हा ओसरलें. त्या उलथापालथींत वडिलांचा धंदा बुडाला. आईच्या वागण्यांत विचित्र फरक पडूं लागला. हातपाय आपोआप झटकले जात, क्षणांत संताप, क्षणांत शून्य दृष्टि. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं तिला वेडी ठरविलें. १९२७ मध्यें वडील स्वतः फार भाजले आणि उपचारासाठीं टेक्ससमध्यें नातेवाईकांकडे गेले. आईला नॉर्मन येथील सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. तेथेंच ती १९३० मध्यें वारली. तिला झालेला रोग हंटिंग्टनचा म्हणून ओळखला जातो. जॉर्ज हंटिंग्टन नांवाच्या एका तरुण डॉक्टरानें १८७२ सालीं त्याचें वर्णन केलें होतें. रोग आनुवंशिक आहे आणि आईबापांपैकीं एकाला असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा असतो. पंधरा वर्षांच्या वुडीला ह्यांतलें कांहींच माहीत नव्हतें. तो कोणाच्या तरी घरीं जेवावें, कोठें तरी निजावें, रस्त्यावर तोंडांतला बाजा वाजवून चार पैसे मिळवावे, अशा रीतीनें दिवस काढीत होता.

१९२९ सालीं तो टेक्ससमधील पॅम्पा ह्या गांवीं वडिलांकडे गेला. तेथें एका चुलत्यानें त्याला गिटार शिकविली. दुकानांच्या पाट्या रंगविणें हा त्याचा पोटाचा उद्योग झाला. रात्रीं नाचांच्या मेळाव्यांत वाजवावयाचें. १९३३ मध्यें मेरी जेनिंग्ज ह्या तरुणीशीं त्याचें लग्न झालें. हा सारा प्रदेश म्हणजे अफाट सपाट गवताळ मैदान. पहिल्या महायुद्धांत गव्हाला भाव चढला, ट्रॅक्टर आले, आणि हजारों वर्षें माती धरून ठेवणारें गवत लोकांनीं नांगरून काढलें. मग १९३० नंतरच्या दशकांत वर्षानुवर्षें पाऊस पडला नाहीं. उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उठली. १४ एप्रिल १९३५ हा रविवार त्या लोकांच्या स्मरणांत ‘काळा रविवार’ म्हणून राहिला आहे. त्या दिवशीं दुपारीं काळ्या भिंतीसारखें वादळ उत्तरेकडून आलें आणि भर दिवसा आपला हात आपणांस दिसेनासा झाला. पॅम्पांत लोक घरांत कोंडून बसले. जगाचा अंत आला असें कित्येकांस वाटलें. निरोप घेण्याच्या त्या मनःस्थितीवर वुडीनें एक गाणें केलें, आणि गंमत अशी कीं तें विनोदी आहे. प्रलयाच्या दारांत उभे राहून शेजारी एकमेकांचा निरोप घेतात, ते अगदीं साध्या, रोजच्या शब्दांत. वुडीची प्रतिभा काय होती हें मला ह्या एका गोष्टींत दिसतें. दुःख मोठें असलें म्हणजे शब्द मोठे लागतात, हें त्यानें कधीं मानलें नाहीं.

त्याच्या रचनेची रीतहि येथेंच सांगितली पाहिजे. वुडी सहसा नवी चाल बांधीत नसे. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या प्रतींत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध पदाचा आरंभ छापलेला असे, तें जुन्या श्रोत्यांस आठवत असेल. वुडीचा प्रकार तोच. चर्चमधलें भजन, आईनें शिकविलेलें कथागीत, कार्टर कुटुंबाची ध्वनिमुद्रिका, ह्यांतील चाल तो उचली, जरा वांकवी आणि तीवर स्वतःचे शब्द बसवी. ह्याला चोरी म्हणणारेहि होते. पण त्याचा हेतु व्यवहारी होता. चाल ओळखीची असली म्हणजे ऐकणारा पहिल्या कडव्यालाच गाऊं लागतो, आणि त्याचें सगळें लक्ष शब्दांकडे राहतें.

धुळीनें, मंदीनें आणि ट्रॅक्टरनें देशोधडीस लागलेले लक्षावधि लोक पश्चिमेकडे, कॅलिफोर्नियाच्या फळबागांकडे चालले होते. वुडीहि निघाला, बायकोमुलांस पॅम्पांतच ठेवून निघाला. कुटुंबवत्सल असा तो कधींच नव्हता, आणि पुढें जगानें त्याच्या भटकेपणाचें जें कौतुक केलें त्याची किंमत त्याच्या घरच्या माणसांनीं भरली, हें चरित्रकारानें झांकून ठेवूं नये. कॅलिफोर्नियांत ह्या निर्वासितांचें स्वागत कसें झालें? १९३६ च्या आरंभीं लॉस एंजेलिस शहराच्या पोलीस खात्यानें शंभराहून अधिक शिपाई थेट राज्याच्या सीमेवर नेऊन उभे केले. ज्याच्या खिशांत पैसा दिसणार नाहीं त्याला परत फिरवावयाचें! आपल्याच देशांत, एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जातांना! ह्या पहाऱ्यावर वुडीनें एक खोंचक गाणें रचलें, तें आजहि लोक मिटक्या मारीत गातात.

१९३७ सालीं लॉस एंजेलिसच्या के. एफ. व्ही. डी. ह्या नभोवाणी केंद्रावर त्याला कार्यक्रम मिळाला. मॅक्सीन क्रिसमन ही त्याची सहगायिका. वुडीनें तिला ‘लेफ्टी लू’ असें नांव ठेवलें होतें. दोघें जुनीं गांवाकडचीं गाणीं म्हणत, मध्यें वुडी ओक्लाहोमाच्या बोलींत गप्पा मारी. तंबूंत, मोटारींत, नदीकांठच्या झोपड्यांत राहणाऱ्या लोकांना आपल्याच माणसाचा आवाज ऐकूं आला, आणि हजारों पत्रें येऊं लागलीं. एका पत्राची हकीकत सांगण्यासारखी आहे. लहानपणापासून जिभेवर बसलेला, कृष्णवर्णीयांना हिणविणारा एक शब्द वुडीनें कार्यक्रमांत सहज उच्चारला. एका कृष्णवर्णीय श्रोत्यानें त्याला लिहिलें कीं हा शब्द ऐकून मला अतिशय यातना झाल्या. वुडीनें तें पत्र ध्वनिक्षेपकापुढें वाचून दाखविलें, क्षमा मागितली, आणि तो शब्द पुन्हा वापरणार नाहीं असें सांगितलें. ओकेमाच्या पुलाशेजारीं वाढलेल्या माणसाच्या आयुष्यांतील ही लहान गोष्ट नव्हे.

बागाईतदारांच्या छावण्यांत तो संपवाल्यांसाठीं गाऊं लागला. ‘पीपल्स वर्ल्ड’ ह्या साम्यवादी पत्रांत त्याचें सदरहि येऊं लागलें. १९४० च्या आरंभीं तो न्यूयॉर्कला पोंचला. तेथें मार्च महिन्यांत निर्वासित शेतमजुरांच्या मदतीसाठीं झालेल्या एका जलशांत अॅलन लोमॅक्स ह्यांनीं त्याला ऐकलें. लोमॅक्स हे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत लोकगीतांचा संग्रह करीत असत. त्यांनीं वुडीला ग्रंथालयांत नेऊन त्याचीं गाणीं व आठवणी तासन्‌तास ध्वनिमुद्रित केल्या. त्याच रात्रीं रंगमंचावर पीट सीगर नांवाचा विशींतला एक तरुणहि होता. वुडीचा तो आयुष्यभराचा सोबती व वारस झाला. त्या वर्षीं व्हिक्टर कंपनीनें वुडीच्या धुळीच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. जॉन स्टाइनबेक ह्यांची ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी नुकतीच गाजली होती आणि तीवरचा चित्रपट चालूं होता. वुडीनें त्या कादंबरीची सबंध कथा सतरा कडव्यांत बसविली. ज्यांच्याविषयीं पुस्तक लिहिलें आहे त्यांच्यापाशीं पुस्तकाला किंवा तिकिटाला पैसे नाहींत, त्यांनीं निदान गाणें ऐकावें, असें त्याचें म्हणणें.

आतां त्या प्रसिद्ध गाण्याकडे वळूं. १९३८ सालच्या अखेरीपासून केट स्मिथ ह्या गायिकेनें आयर्व्हिंग बर्लिन ह्यांचें देशावर परमेश्वराची कृपा मागणारें गीत रेडिओवर गावयास सुरुवात केली होती, आणि तें रस्तोरस्तीं ऐकूं येत असे. वुडीला तें फार सुखवस्तु वाटलें. रांगेंत उपाशी उभे असलेले लोक तो नुकताच पाहून आला होता. २३ फेब्रुवारी १९४० ह्या दिवशीं न्यूयॉर्कमधील हॅनोव्हर हाउस ह्या स्वस्त हॉटेलांतील खोलींत त्यानें त्याला उत्तर म्हणून सहा कडवीं लिहिलीं. चाल कार्टर कुटुंबाच्या एका भजनाची. कागद बाजूस ठेवून दिला. चार वर्षांनीं, १९४४ मध्यें, मोझेस अॅश ह्यांच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यानें तें प्रथम मुद्रित केलें, तेव्हां पालुपद बदललें होतें आणि बर्लिनला दिलेल्या उत्तराची जागा सरळ विधानानें घेतली होती. ‘धिस लँड इज युअर लँड’, म्हणजे ही भूमि तुझी आहे, हें तें गाणें.

ह्या गाण्यांत रस्ता, दरी, वाळवंट, गव्हाचीं शेतें ह्यांचें वर्णन आहे. शाळेंतल्या मुलांना शिकवावयास उत्तम. पण सहांपैकीं दोन कडवीं निराळीं आहेत. एकांत चालणाऱ्याच्या वाटेंत ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी येते, आणि पाटीच्या मागल्या कोऱ्या बाजूकडे तो बोट दाखवितो. दुसऱ्यांत चर्चच्या सावलींत, मदतीच्या कचेरीपुढें उपाशी लोक उभे आहेत, आणि ही भूमि खरेंच आपली आहे काय, असा प्रश्न गाणाऱ्यालाच पडतो. म्हणजे पालुपद तेंच, पण ह्या दोन कडव्यांनंतर तें घोषणा राहत नाहीं, दावा होतें. १९५१ सालीं जी ध्वनिमुद्रिका बाहेर आली तींत हीं दोन्हीं कडवीं नव्हतीं. तो काळ साम्यवाद्यांच्या शोधाचा. गायकांचीं नांवें काळ्या यादींत जात होतीं. शाळांच्या गीतसंग्रहांत गाणें शिरलें तें उरलेल्या कडव्यांनिशीं, आणि पिढ्यानुपिढ्या अमेरिकन मुलें तें देशभक्तीचें गोड गीत म्हणून गात मोठीं झालीं.

१९४० च्या अखेरीस वुडीला खरा पैसा दिसला. एका तंबाखू कंपनीच्या वतीनें होणाऱ्या नभोवाणी कार्यक्रमांत तो गाऊं लागला. पगार भरघोस, पण काय म्हणावें आणि काय म्हणूं नये हें कंपनी ठरविणार. थोड्याच दिवसांत त्यानें काम सोडलें, बायकोमुलांस नव्या मोटारींत घातलें आणि पुन्हा कॅलिफोर्नियाचा रस्ता धरला. मे १९४१ मध्यें वायव्येकडील कोलंबिया नदीवर सरकारी धरणांची वीज विकणाऱ्या बॉनव्हिल खात्यानें त्याला एक महिन्यासाठीं नेमलें. पगार २६६ डॉलर ६६ सेंट. काम, धरणांच्या प्रचारासाठीं गाणीं रचणें. तीस दिवसांत त्यानें सव्वीस गाणीं दिलीं! त्यांतलीं निदान तीन-चार उत्कृष्ट आहेत. धुळींतून आलेल्या माणसाला पाणी आणि वीज ह्यांचें जें वेड असावें, तें त्यांत भरलें आहे. वीज खाजगी कंपन्यांची न होतां लोकांची व्हावी हा त्याचा ध्यास त्यांत आहे. तथापि एक गोष्ट त्या सव्वीस गाण्यांत शोधूनहि सांपडत नाहीं. ग्रँड कूली धरणाला मासे चढून जाण्याची वाट ठेवलेली नव्हती. केटल फॉल्स येथें शतकानुशतकें सामन मासे धरणाऱ्या इंडियन जमाती जून १९४० मध्यें, म्हणजे वुडी येण्याच्या आदल्याच वर्षीं, तेथें जमल्या आणि पाण्याखालीं जाणाऱ्या त्या धबधब्याचा निरोप घेऊन परतल्या. गाळलेल्या माणसांचा हा कवि येथें स्वतःच कांहीं माणसें गाळून गेला.

त्याच्या राजकारणांतहि अशी एक कोलांटी आहे. पीट सीगर वगैरेंच्या आल्मनॅक सिंगर्स ह्या मंडळींत तो मिसळला. हिटलर व स्टालिन ह्यांचा करार टिकून होता तोंवर ही मंडळी युद्धाविरुद्ध गात होती. जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावर चाल केली आणि तीं गाणीं एका दिवसांत गुंडाळून ठेवावीं लागलीं. पुढें मात्र वुडीचा फॅसिझमविरोध मनापासूनचा होता ह्यांत शंका नाहीं. हें यंत्र फॅसिस्टांचा संहार करतें, अशा अर्थाचा मजकूर त्यानें गिटारीवर रंगविला होता. आणि केवळ गाऊन तो थांबला नाहीं. व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून त्यानें तीन सफरी केल्या. त्या तिन्हींपैकीं दोन जहाजांना शत्रूचा तडाखा बसला. १९४३ सालीं ‘बाउंड फॉर ग्लोरी’ हें त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्यांत खरें किती आणि रचलेलें किती हा वाद आहे. वाचनीय मात्र तें निश्चित आहे.

३१ ऑक्टोबर १९४१ रोजीं जर्मन पाणबुडीनें ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकन विनाशिका बुडविली. सुमारें शंभर खलाशी बुडाले. त्या वेळीं अमेरिका युद्धांत पडलेलीहि नव्हती. वुडीनें गाणें रचावयास घेतलें तें मृतांच्या नांवांची सबंध यादी घालूनच! सोबत्यांनीं समजाविलें, अरे बाबा, एवढीं नांवें कोण गाईल? तेव्हां त्यानें यादी काढली, आणि पालुपदांत एक साधा प्रश्न ठेवला. त्यांचीं नांवें काय होतीं, तुम्हांला सांगतां येतील काय? यादीपेक्षां हा प्रश्न अधिक परिणामकारक ठरला हें खरें. पण मूळ ओढ नांवांचीच होती, हें आपण ध्यानांत ठेवूं.

पहिलें लग्न मोडल्यावर मार्जोरी माझिया ह्या नर्तिकेशीं त्याचा विवाह झाला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागांत मरमेड अॅव्हेन्यूवर हीं दोघें राहत. थोरली मुलगी कॅथी १९४३ मध्यें झाली. तिच्या बोबड्या बोलांतून, तिच्या उलटसुलट प्रश्नांतून वुडीनें मुलांचीं गाणीं केलीं, आणि माझ्या मतें हीं त्याच्या सर्वोत्तम रचनांत मोडतात. मोठा माणूस मुलासाठीं लिहितांना जो खोटा लाडिकपणा आणतो, त्याचा त्यांत लवलेश नाहीं. फेब्रुवारी १९४७ मध्यें घरांत विजेच्या सदोष तारेमुळें आग लागली आणि चार वर्षांची कॅथी गेली. बहीण, बाप आणि आतां मुलगी. त्याच वर्षाच्या जुलैंत अर्लो जन्मला. मग आणखी एक मुलगा व एक मुलगी. पण वुडी आतां पूर्वींचा राहिला नव्हता, आणि त्याचें कारण केवळ शोक नव्हतें.

ह्याच काळांत त्याचें शेवटचें थोर गाणें लिहिलें गेलें. २८ जानेवारी १९४८ रोजीं कॅलिफोर्नियांतील लॉस गॅटोस दरींत एक विमान पेट घेऊन कोसळलें. आंतलीं बत्तीसहि माणसें मेलीं. त्यांतले अठ्ठावीस जण मेक्सिकन शेतमजूर. फळांचा हंगाम संपला म्हणून त्यांना त्यांच्या देशाच्या सीमेकडे पोंचविण्यांत येत होतें. न्यूयॉर्कला जी बातमी पोंचली तींत वैमानिक, त्याचा साथीदार, विमानसेविका व पहारेकरी अशा चौघांचीं नांवें होतीं. बाकीचे केवळ ‘हद्दपार’. वुडीनें त्या एका शब्दावर कविता लिहिली. आपल्या बागा पिकविणाऱ्यांना मेल्यावरहि नांव मिळूं नये काय, हा तिचा आशय. तिला त्यानें चाल लावली नाहीं. तो ती नुसती सुरांत बोलून दाखवी. सुमारें दहा वर्षांनीं मार्टिन हॉफमन नांवाच्या एका शिक्षकानें तिला चाल दिली, आणि मग सीगरनें ती सर्वत्र नेली.

वुडीच्या हातापायांना झटके येऊं लागले होते. चालतांना तोल जाई. लोक म्हणत, प्याला असेल. एकाएकीं संताप, मग विसर. १९५२ सालीं ब्रुकलिनच्या इस्पितळांत निदान झालें. रोग आईचा. वय चाळीस. फ्लॉरिडांत झालेल्या एका अपघातांत हातहि भाजला आणि गिटार सुटली. १९५६ पासून तो न्यू जर्सीतील ग्रेस्टोन पार्क येथील मनोरुग्णालयांत होता. त्याच वर्षीं १७ मार्चला न्यूयॉर्कच्या पिथियन हॉलमध्यें त्याच्या मुलांच्या मदतीसाठीं मित्रांनीं जलसा केला. सज्जांत बसलेल्या वुडीकडे तोंड करून सबंध सभागृहानें उभें राहून त्याचें तें भूमीचें गीत म्हटलें. पुढें वाचा गेली. मार्जोरीशीं त्याचा विवाह मोडला होता, तरीहि ती त्याला पाहावयास येत राहिली. ‘होय’ आणि ‘नाहीं’ असे दोन पुठ्ठे तिनें करून दिले होते, त्यांवर हात नेऊन तो उत्तर देई.

जानेवारी १९६१ मध्यें मिनेसोटाहून एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्याला शोधीत आला आणि त्याच्याच गाण्यांपैकीं कांहीं त्याच्यापुढें बसून गायला. तो बॉब डिलन. त्याला २०१६ मध्यें साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. वुडीवर रचलेलें जें गाणें डिलननें पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत घातलें, त्याची चाल वुडीच्याच एका गाण्याची आहे. वुडीनें ज्या रीतीनें चाली घेतल्या, त्याच रीतीनें त्याची घेतली गेली.

३ ऑक्टोबर १९६७ रोजीं वुडी वारला; वय पंचावन्न. रक्षा कोनी आयलंडच्या समुद्रांत सोडण्यांत आली. पहिल्या लग्नाच्या दोन मुली पुढें त्याच रोगानें गेल्या. मार्जोरीनें १९६७ सालींच ह्या रोगाच्या संशोधनासाठीं समिति काढली. व्हेनेझुएलांत माराकायबो सरोवराच्या कांठीं राहणाऱ्या रोगग्रस्त कुटुंबांच्या अभ्यासांतून १९८३ मध्यें रोगाचा मूळ जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचें कळलें. १९९३ मध्यें तो जनुकहि सांपडला. रोग समूळ बरा करणारा उपाय मात्र अद्याप हातीं आलेला नाहीं.

गाळलेल्या कडव्यांचें काय झालें? अर्लो पुढें स्वतः प्रसिद्ध गायक झाला. तो सांगतो कीं आजारी वडिलांनीं मला परसांत नेऊन तीं कडवीं शिकविलीं. शाळेंतल्या मुलांना गाणें येत होतें आणि ह्या घरच्या मुलाला येत नव्हतें! १८ जानेवारी २००९ रोजीं, बराक ओबामा ह्यांच्या शपथविधीपूर्वीं, वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकापाशीं नव्वदीला टेकलेला सीगर आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्यांनीं लाखों लोकांसमोर तें गाणें म्हटलें, तें त्या दोन्हीं कडव्यांसह. ओकेमा गांवानें साम्यवादी म्हणून वुडीला पुष्कळ वर्षें दूर ठेवलें होतें. तेथें १९९८ पासून दर जुलैंत त्याच्या नांवानें गाण्यांचा उत्सव भरूं लागला. मागें राहिलेल्या कागदांत सुमारें तीन हजार गाण्यांचे शब्द निघाले, बहुतेकांच्या चाली कोणास ठाऊक नाहींत. बिली ब्रॅग हा इंग्लिश गायक व विल्को ही अमेरिकन मंडळी ह्यांनीं त्यांतल्या कांहींना नव्या चाली देऊन १९९८ मध्यें ध्वनिमुद्रिका काढली; तिला नांव दिलें ‘मरमेड अॅव्हेन्यू’. कागद आतां टल्सा येथील वुडी गथ्री केंद्रांत आहेत; तें २०१३ सालीं उघडलें.

आणि त्याच २०१३ सालीं कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नोच्या दफनभूमींत एक शिळा उभारण्यांत आली. विमानांतले ते अठ्ठावीस मजूर तेथें एकाच मोठ्या खड्ड्यांत पुरलेले होते आणि त्यावर नांवांवांचून एक लहानसा दगड होता. टिम हर्नांडेझ ह्या लेखकानें दप्तरें व जुनीं वर्तमानपत्रें चाळून नांवें एक एक करून जमविलीं, आणि कांहींच्या घरच्या माणसांपर्यंत तो पोंचला. वुडीनें गाण्यांत घेतलेलीं दोन-चार नांवें कल्पनेचीं होतीं, कारण खरीं त्याला मिळालीं नव्हतीं. आतां तीं अठ्ठावीसहि त्या शिळेवर वाचावयास मिळतात.